घोड्यांची चित्रकर्त्री रोझा बॉनर

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागात गारोन नदीच्या तीरावर बोर्दो नावाचे जुने शहर आहे. भोवतालचा सारा मुलूख द्राक्षांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. या शहरात १६ मार्च १८२२ रोजी रोझाचा जन्म झाला. तिचे वडील रेमों बॉनर हे चित्रकार होते. स्वतःची चित्रे फारशी विकली जात नसल्यामुळे श्रीमंतांच्या मुलांना चित्रकला शिकवून ते संसार चालवीत. आई सोफी हिला संगीत उत्तम येत असे. रोझा ही चार भावंडांतील थोरली; तिच्या पाठीवर ऑग्युस्त व इझिदोर हे दोघे भाऊ आणि ज्युलिएत ही बहीण अशी भावंडे झाली.

नीट बोलता येऊ लागण्यापूर्वीच या मुलीला कागद आणि पेन्सिल हवी असे. कागद नसला, तर ती काडीने वाळूत रेघोट्या ओढी. वाळूही नसली, तर हात पोहोचेल तेथपर्यंत घराच्या भिंती काळ्या करी. हाती कात्री आली, की कागदाचे मेंढपाळ, कुत्रे आणि मेंढ्या कातरून ती त्यांची रांग लावीत बसे. बोर्दोजवळच्या खेड्यात गेल्यावर तर ती घरात सापडतच नसे. तिला शोधावयाचे झाल्यास सरळ गोठ्याकडे जावे लागे. दूध काढले जात असताना गाय मागे मान वळवून तिचे डोके चाटी, आणि ते खरबरीत चाटणे तिला एखाद्या लाडासारखे वाटे. जनावराची भीती कशी असते, हे तिला कधी ठाऊकच नव्हते.

परंतु वाचनाशी मात्र तिचे मुळीच जमेना. अक्षरे ओळखण्याची वेळ आली, की ती उठून पळून जाई. आई रागावली नाही. या मुलीचे मन कशात गुंतते हे तिने पाहिले होते. तिने रोझाला जवळ बसविले आणि प्रत्येक अक्षरासमोर त्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाचा एकेक प्राणी काढावयास सांगितले. फ्रेंच भाषेत गाढवाचे नाव पहिल्या अक्षराने सुरू होते, बैलाचे दुसऱ्याने, आणि घोड्याचे तिसऱ्याने. त्यामुळे वर्णमाला म्हणजे जणू जनावरांची एक लांबलचक मिरवणूकच झाली. जिला एक अक्षर नकोसे होते, ती मुलगी पुढील अक्षराचा प्राणी कोणता, हे स्वतःहून विचारू लागली. रोझाला वाचता येऊ लागले ते असे. आईची ही युक्ती ती म्हातारपणापर्यंत विसरली नाही.

१८२९ साली हे कुटुंब पॅरिसला राहावयास आले. अधिक काम मिळेल, या आशेने वडील आदल्याच वर्षी तेथे गेले होते. गोठे, कुरणे आणि मोकळे आकाश यांना सरावलेल्या सात वर्षांच्या मुलीला पॅरिसच्या अरुंद गल्ल्या व उंच घरे कोंडवाड्यासारखी वाटली. त्यांच्या घरासमोर डुकराच्या मांसाचे एक दुकान होते. दुकानाची खूण म्हणून तेथे लाकडात कोरलेला एक रंगीत रानडुक्कर उभा केलेला होता. रोझा रोज त्याच्याजवळ जाई आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवी. तेवढ्या मोठ्या शहरात ओळखीचे असे तिला तेच एक जनावर भेटले होते.

पण पॅरिसमध्ये एका प्राण्याची मात्र वाण नव्हती, आणि तो प्राणी म्हणजे घोडा. मोटारी तर त्या काळी निघालेल्याच नव्हत्या, आणि आगगाडीही पॅरिसला पोहोचली नव्हती. दगड, लाकूड, धान्य, पिपे, टपाल, माणसे, जे काही हलवावयाचे ते घोड्यांनीच हलवावयाचे. १८२८ पासून तर भाडे देऊन कोणासही बसता येईल अशा मोठ्या घोडागाड्या ठरलेल्या मार्गांवरून धावू लागल्या होत्या. श्रीमंतांच्या बग्ग्यांना जोडलेले सडपातळ, चकचकीत घोडे निराळे आणि दगडांच्या गाड्या ओढणारे रुंद छातीचे, जाड पायांचे घोडे निराळे. चढावर त्यांच्या मानेच्या शिरा कशा ताठ होतात, ओल्या फरसबंदीवर खूर कसा घसरतो, थांबल्यावर एक पाय सैल सोडून घोडा कसा उभा राहतो, हे सारे रोझाच्या डोळ्यांसमोर दिवसभर चाललेले असे.

घरची स्थिती मात्र दिवसेंदिवस कठीण होत चालली. वडील मनाने थोर, पण व्यवहारात कच्चे होते. समाजात गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष असा भेद राहू नये, असे मानणाऱ्या एका नव्या पंथाला ते जाऊन मिळाले, आणि काही काळ तर घर सोडून त्या पंथाच्या मंडळींबरोबर राहिले. स्त्रियांची योग्यता पुरुषांएवढीच आहे, हा त्यांचा विचार त्या काळाच्या फार पुढे होता, आणि त्याचा लाभ रोझाला पुढे मिळालाही. परंतु त्या दिवसांत चार मुलांच्या तोंडी घास घालण्याचे काम एकट्या आईवर येऊन पडले. दिवसा ती संगीताच्या शिकवण्या करी आणि रात्री दिव्याच्या उजेडात शिवणकाम करीत बसे. कष्टांनी तिचे शरीर झिजले. १८३३ साली ती वारली. रोझा त्या वेळी अकरा वर्षांची होती. घरात दफनाच्या जागेपुरतेही पैसे नव्हते. म्हणून गरिबांसाठी असलेल्या सार्वजनिक कबरीत आईला पुरण्यात आले. पुढे हाती पैसा आला तेव्हा आईच्या नावाचा दगड उभारावा म्हटले, तर ती जागाही राहिली नव्हती.

आता या आडदांड मुलीचे काय करावे, हा प्रश्न वडिलांपुढे उभा राहिला. त्यांनी तिला एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे उमेदवार म्हणून ठेवले. सुई हातात धरली, की रोझाचा जीव गुदमरे. थोड्याच दिवसांत ती रडून-रडून आजारी पडली आणि घरी परत आली. मग तिला मुलींच्या एका वसतिशाळेत घातले. तेथे वहीच्या समासात ती शिक्षकांची व्यंगचित्रे काढी. एके दिवशी तिने मैत्रिणींच्या दोन पलटणी केल्या, लाकडी तलवारी त्यांच्या हाती दिल्या आणि घोडदळाच्या थाटात बागेवर चाल केली. चालकबाईंच्या लाडक्या गुलाबांचा त्या लढाईत पार चुराडा झाला. रोझाची घरी रवानगी झाली.

वडील निराश झाले. स्वतः चित्रकार असूनही मुलीने चित्रकार व्हावे, असे त्यांच्या मनात नव्हते. कारण या धंद्यातील दारिद्र्य ते स्वतः भोगीत होते. शिवाय सरकारी चित्रशाळेत मुलींना प्रवेशच नव्हता. ते दार स्त्रियांसाठी उघडले ते १८९७ साली, म्हणजे रोझा पंचाहत्तर वर्षांची झाल्यावर! तथापि दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी तिला आपल्या चित्रशाळेत मोकळे सोडले. ते शिकवण्या करण्यासाठी बाहेर गेले, की ती दिवसभर एकटीच तेथे बसून काढीत राही. एके दिवशी ते परतले, तेव्हा रोझाने समोर ठेवलेल्या चेरीच्या फळांच्या घोसाचे रंगीत चित्र पुरे केले होते. वडिलांनी ते बराच वेळ न्याहाळले. त्या दिवसापासून मुलीला शिवणकाम शिकविण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. उलट कसून शिकवावयास आरंभ केला.

चित्रशाळेत प्रवेश नसला, तरी लूव्रच्या संग्रहालयात कोणासही जाता येत असे. जुन्या थोर चित्रकारांची शेकडो चित्रे तेथे भिंतीवर टांगलेली आहेत. पंधरा वर्षांच्या आतबाहेरची ही मुलगी सकाळी दारे उघडताच तेथे जाऊन बसे आणि दारे बंद होईपर्यंत हात चालवीत राही. जवळ पाव आणि पाणी एवढीच शिदोरी असे. तिने केलेल्या नकला विकल्या जाऊ लागल्या, आणि त्या पैशांचा घराला आधार झाला.

परंतु चित्रावरून काढलेला घोडा हा शेवटी दुसऱ्याने पाहिलेला घोडा. रोझाला स्वतः पाहिलेले जनावर काढावयाचे होते. ती पायी पॅरिसच्या बाहेर जाई आणि शेतांतून दिवस घालवी. पावसाळी दिवसांसाठी तिने निराळाच उपाय केला. सहाव्या मजल्यावरील आपल्या बिऱ्हाडातच तिने ससे, बदके, खारी असा परिवार जमविला, आणि शेवटी एक मेंढीही आणून ठेवली. आता सहाव्या मजल्यावर मेंढीला चारा मिळेल, पण मोकळी हवा कशी मिळावी? धाकटा भाऊ इझिदोर याने ते काम अंगावर घेतले. मेंढीला खांद्यांवर घेऊन तो सारे जिने उतरे, तिला गवतात हिंडवून आणी आणि पुन्हा खांद्यावर घेऊन सहाही मजले चढे. शेजाऱ्यांना याचे काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

प्राण्याचे केवळ बाह्य रूप पाहून भागत नाही. कातड्याखाली कोणते हाड कोठे आहे, कोणता स्नायू आखडला म्हणजे पाय उचलला जातो, हे समजल्याखेरीज चित्रातील जनावर उभे राहत नाही, ते नुसते टांगल्यासारखे दिसते. हे ज्ञान मिळविण्यासाठी रोझा खाटीकखान्यात जाऊन बसू लागली. जनावरांवर जीव टाकणाऱ्या तरुण मुलीला ते दृश्य पाहणे किती जड गेले असेल! शिवाय तेथील उनाड लोक तिची टिंगल करीत. पण तिने वही मिटली नाही.

पॅरिसमध्ये चित्रांचे एक मोठे सरकारमान्य प्रदर्शन भरत असे. १८४१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, रोझाचे चित्र त्यात प्रथम लागले. ते होते गाजरे कुरतडणाऱ्या सशांचे. १८४८ मध्ये तिला सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर सरकारने तिला शेतीच्या नांगरटीचे एक मोठे चित्र काढावयास सांगितले. ताज्या फुटलेल्या ढेकळांतून बारा दमदार बैल नांगर ओढीत चालले आहेत, असे ते चित्र आजही फ्रान्सची शान समजले जाते. १८४९ मध्ये ते प्रदर्शनात लागले, तेव्हा ते पाहण्यास वडील मात्र उरले नव्हते. त्याच वर्षी मार्च महिन्यात ते निवर्तले.

आता रोझाच्या मनात एक फार मोठे चित्र घोळू लागले. पॅरिसमध्ये सालपेत्रिएर नावाच्या जुन्या रुग्णालयाजवळील रुंद रस्त्यावर घोड्यांचा बाजार भरत असे. खानदेशात सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्या गर्दीची थोडीफार कल्पना येईल. झाडांच्या रांगेखालून मोतद्दार घोडे पळवून दाखवीत, गिऱ्हाईक त्यांचे दात, खूर आणि छाती तपासून पाही, व्यापारी ओरडत, घोडे बिथरत, मागच्या पायांवर उभे राहत. हा सगळा गलबला एका पटावर उतरवावा, असे रोझाने ठरविले. लहानपणापासून जे डोळ्यांत साठत आले होते, त्याला आता बाहेर वाट हवी होती.

तिने सरकारच्या एका मंत्र्याला दोन कच्ची रेखाटने दाखविली. एक होते घोडेबाजाराचे, दुसरे गवत कापून गाडीत भरणाऱ्या शेतकऱ्यांचे. मंत्र्याने गवताचे चित्र पसंत केले. गुरे-मेंढरे ती उत्तम काढते, पण घोड्यांचा तिला अजून पुरेसा अनुभव नाही, असे त्याचे मत पडले. रोझाने गवताचे चित्र काढण्याचे मान्य केले. परंतु ते नंतर, आधी घोडे, हेही तिने शांतपणे सांगून टाकले. सरकारी काम म्हणजे नक्की पैसा. तो बाजूला ठेवून ज्याला गिऱ्हाईक नाही असे प्रचंड चित्र हाती घेणे, ही साधी गोष्ट नव्हती.

पहिली अडचण बाजारातच आली. त्या जागी स्त्रिया जात नसत. घेरदार झगा घालून एक बाई चिखलात, घोड्यांच्या पायांजवळ, वही घेऊन उभी राहिली, तर लोक घोडे सोडून तिच्याकडेच पाहणार. आणि झग्याचा घोळ एखाद्या टापेखाली सापडला, तर जिवावरच बेतणार. पुरुषांप्रमाणे विजार आणि सदरा घातला, तर दोन्ही प्रश्न सुटत होते. परंतु पॅरिसमध्ये स्त्रियांना पुरुषांचा वेष करण्यास १८०० सालापासून कायद्याने बंदी होती! त्यासाठी पोलिसांचा परवाना काढावा लागे. रोझाने तो काढला. परवाना सहा महिन्यांचा असे, आणि मुदत संपली की पुन्हा अर्ज करावा लागे. तिचा १८५७ सालचा असा एक परवाना जपून ठेवलेला आहे. त्या वेषात नाटकगृहात किंवा नृत्याच्या समारंभात जाता येणार नाही, अशी अटही त्यात घातलेली आहे. गंमत अशी, की ही बंदी कागदोपत्री कोणी पुसून टाकली नाही. ती आता निरर्थक आहे, असे फ्रान्सच्या सरकारने स्पष्ट केले ते २०१३ साली.

निळा सैल अंगरखा, विजार आणि आखूड कापलेले केस अशा वेषात रोझा बाजारात जाऊ लागली. आठवड्यातून दोन दिवस, असे दीड वर्ष ती जात राहिली. कोणी तिच्याकडे वळून पाहीना. वहीमागून वही भरू लागली. कधी नुसता एक कान, कधी गाठ मारलेले शेपूट, कधी लगाम ओढल्यामुळे उघडलेला जबडा.

धावते जनावर काढणे हे किती कठीण आहे, याची आज आपल्याला कल्पना येत नाही, कारण आपल्याजवळ छायाचित्रे आहेत. घोडा चौखूर धावत असताना त्याचे पाय नेमके कसे पडतात, हे मानवी डोळ्याला पकडता येत नाही. जुने चित्रकार पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे ताणलेला घोडा काढीत. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ साली अमेरिकेत ओळीने यंत्रे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा कळले, की चारही पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. रोझाचे चित्र त्याच्या पंचवीस वर्षे आधीचे. तिच्यापाशी डोळे, पेन्सिल आणि चिकाटी एवढीच साधने होती.

१८५२ साली तिने पट उभा केला. तो जवळजवळ अडीच मीटर उंच आणि पाच मीटरांहून अधिक लांब होता. वरचा भाग रंगविण्यासाठी शिडीवर चढावे लागे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक शिल्पकारांनी अथेन्सच्या देवालयावर घोडेस्वारांची एक मिरवणूक दगडात कोरली आहे. पॅरिसच्या बाजारातील घोड्यांकडे पाहताना रोझाला तिचीच आठवण होत असे. तिच्या चित्रातले घोडे मात्र देवादिकांचे नाहीत, ते गाड्या ओढणारे कष्टाळू घोडे आहेत. करड्या ठिपक्यांचे, पांढरे, काळे, तांबूस असे ते पुष्ट घोडे डावीकडून उजवीकडे वळसा घेत दौडत आहेत. एक काळा घोडा मागच्या पायांवर उभा राहून मोतद्दाराला जुमानीत नाही. पायांखालची धूळ उडते आहे. मागे झाडांची रांग आणि पलीकडे रुग्णालयाचा घुमट दिसतो आहे. या सगळ्या धुमाळीत, जवळजवळ मध्यभागी, निळ्या अंगरख्यातील एक घोडेस्वार पाहणाऱ्याकडे रोखून पाहत आहे. तो चेहरा रोझाचा स्वतःचाच असावा, असे काही अभ्यासकांना वाटते.

१८५३ च्या प्रदर्शनात हे चित्र लागले आणि एकतीस वर्षांच्या रोझाचे नाव सर्वतोमुखी झाले. घोड्यांचा अनुभव नाही असे म्हणणाऱ्या सरकारला आता गवताच्या चित्राऐवजी घोडेबाजारच हवासा वाटू लागला! रोझाने नकार दिला, आणि ठरल्याप्रमाणे गवताचे चित्र काढून ते १८५५ साली सरकारच्या स्वाधीन केले.

घोडेबाजाराचे चित्र आपल्या जन्मगावी राहावे, अशी तिची इच्छा होती. बोर्दोला ते प्रदर्शनासाठी पाठविले, तेव्हा त्या शहरासाठी तिने केवळ बारा हजार फ्रँक किंमत सांगितली. परंतु शहराने ते घेतले नाही. पुढे लंडनच्या गँबार्ट नावाच्या चित्रव्यापाऱ्याने त्यासाठी चाळीस हजार फ्रँक देऊ केले. ही रक्कम रोझाला फार वाटली. म्हणून त्याच चित्राची चौथाई आकाराची एक प्रतिकृतीही तिने त्याच किमतीत देण्याचे कबूल केले. ही प्रतिकृती करण्यास तिची बालपणापासूनची मैत्रीण नाताली हिने साहाय्य केले. ती आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. मूळ चित्र इंग्लंडमध्ये फिरले, राणी व्हिक्टोरियाने ते पाहिले, आणि नंतर ते अमेरिकेस गेले. १८८७ साली कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट या धनिकाने लिलावात त्रेपन्न हजार डॉलरांना ते विकत घेतले आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास अर्पण केले. तेथे ते आजही पाहावयास मिळते.

चित्रांच्या पैशांतून रोझाने फाँतेनब्लोच्या मोठ्या अरण्यालगत, बी नावाच्या खेड्यात, एक जुनी गढी विकत घेतली. १८६० पासून शेवटपर्यंत ती नातालीसह तेथे राहिली. सहाव्या मजल्यावर मेंढी पाळणाऱ्या मुलीला आता जागेची अडचण राहिली नव्हती. तेथे घोडे होते, गाई-बैल होते, हरणे, कुत्रे आणि पक्षी होते. एवढेच नव्हे, तर सिंहही होते. त्यांतील फात्मा नावाची एक सिंहीण तर तिच्या मागोमाग कुत्र्यासारखी फिरे.

या गढीत १० जून १८६५ रोजी कसलीही वर्दी न देता फ्रान्सची सम्राज्ञी यूजेनी येऊन उभी राहिली. रोझा कामाच्या मळक्या कपड्यांत होती. घाईघाईने तिने ते बदलले. सम्राट त्या वेळी परदेशी असल्यामुळे राज्याचा कारभार सम्राज्ञीच्या हाती होता, आणि त्या अधिकाराचा तिने चांगला उपयोग केला होता. फ्रान्सचा लेजन ऑफ ऑनर हा मोठा सन्मान त्यापूर्वी कोणत्याही चित्रकर्त्रीला मिळालेला नव्हता. त्याचे पदक सम्राज्ञीने स्वतःच्या हाताने रोझाच्या छातीवर लावले.

१८८९ हे वर्ष तिला दुःखाचे गेले. नाताली त्या वर्षी वारली आणि रोझाचे कामात लक्ष लागेना. त्याच सुमारास अमेरिकेतील बफेलो बिल हा आपले घोडेस्वार, गवे आणि तेथील आदिवासी मंडळी घेऊन पॅरिसला खेळ करण्यासाठी आला होता. सदुसष्ट वर्षांची रोझा रंगपेटी घेऊन त्याच्या तळावर पोहोचली. ते चपळ अमेरिकन घोडे पाहून तिचा हात पुन्हा चालू लागला. पांढऱ्या घोड्यावर बसलेल्या बफेलो बिलचे तिने काढलेले चित्र त्याला इतके आवडले, की त्याने ते अमेरिकेतील आपल्या घरी पाठवून दिले.

गढीतील चित्रशाळेत आणखी एक पट कित्येक वर्षे उभा होता. तो घोडेबाजाराहूनही मोठा, सहा मीटरांपेक्षा अधिक लांब होता. दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीच्या मुखाशी कामार्ग नावाचा पाणथळ प्रदेश आहे. आपल्याकडे खळ्यात बैल फिरवून मळणी करीत, तशी तेथे गव्हाच्या पेंढ्या पसरून त्यांवरून घोडे पळवीत. त्या मळणीचे हे चित्र होते. कणसे तुडवीत घोड्यांचा एक लोंढा समोरून अंगावर धावून येत आहे, असे दृश्य रोझाने योजले होते. ती त्यावर काम करी, थांबे, पुन्हा सुरू करी. २५ मे १८९९ रोजी, सत्त्याहत्तर वर्षांची असताना, फुप्फुसाच्या विकाराने तिचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत नातालीशेजारी तिला पुरण्यात आले. मळणीचे घोडे अपुरेच राहिले. तो प्रचंड पट पुढे बोर्दोच्या संग्रहालयात गेला.